गार हवा कुणाला

साल दोन हजार नऊ. हुमनाबादला जनावरांची डॉक्टर असलेल्या ज्योत्स्नानं त्या उन्हाळ्यात एक जुनी पांढरी गाडी घेतली. स्वतःच्या पगारातून घेतली, आणि घेतली ती एसीसाठीच. दिवसभर गोठ्यांत वाकून घामानं निथळायचं आणि परतताना स्कूटरवर तोंड भाजून घ्यायचं, याला ती विटली होती.

पहिल्या दिवशी ती एकटीच चिटगुप्प्याच्या वाटेला लागली. काचा चढवल्या, बटण दाबलं. समोरच्या जाळीतून आली ती गरम हवा. मैलभर झालं, दोन मैल झाले, तरी तशीच.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला शेजारी बसवून गाडी बाहेर काढली. धम्मानंद शाळेत गणित शिकवायचा. त्यानं जाळीपुढं हात धरला. हवा गार होती.

"बटण नीट दाबलं नसशील," तो म्हणाला.

"अहो, मी म्हशीचं पोट फाडून रेडकू काढते. मला बटण दाबता येत न्हाई व्हय?"

तो हसला. त्या हसण्यानं तिचं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी एकटी निघाली, तर पुन्हा गरम. ती तडक गुलबर्ग्याला गेली. तिथला मेकॅनिक शेजारच्या सीटवर बसला आणि हवा लगेच गार झाली. तरी त्यानं गॅस भरला, पुन्हा बसून पाहिलं आणि उतरताना म्हणाला, "मॅडम, पुढच्या टायमाला साहेबांना पाठवा. त्येनला समजंल." तो उतरला. दार लागलं. जाळीतली हवा तिच्या हातावरच गरम होत गेली.

मग तिनं नीट तपासून पाहिलं, ताप का उतरत नाही हे तपासावं तसं. शेजारी कुणीही असो, शेजारीण, दवाखान्यातला शिपाई, एकदा तर बाजाराला निघालेली म्हातारी, हवा गार यायची. ती एकटी उरली की गरम. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर माणसांनी गाडी सोडून तिलाच तपासायला घेतलं असतं. उकाड्यापेक्षा तिला हेच जास्त झोंबत होतं.

शेवटी, दोन महिन्यांनी, ती हायवेवरच्या मारोतीकडं गेली. लॉऱ्या उभ्या राहतात तिथं, धाब्याला लागून त्याचं गॅरेज होतं. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं बॉनेट उघडलं, मीटर लावून गॅस बघितला, कॉम्प्रेसर बघितला, पंखा बघितला. मग आत येऊन शेजारी बसला.

"गार यायलंय की, मॅडम."

"आता उतरा. दार लावून घ्या."

तो उतरला. जाळीतली हवा तापेपर्यंत ती थांबली. मग तिनं त्याला आपल्या बाजूच्या खिडकीशी बोलावलं, काच खाली केली, त्याचं मनगट धरलं आणि त्याचा हात आत ओढून जाळीवर ठेवला.

मारोतीनं हात तसाच ठेवला. मग तिच्याकडं पाहिलं. पहिल्यांदाच कुणीतरी तिच्याकडं असं पाहत होतं, ती खोटं बोलत नाही हे पटल्यासारखं.

"तुमी बसून ऱ्हावा," तो म्हणाला.

त्यानं पुन्हा बॉनेट उघडलं. इंजिनाकडून गाडीच्या आत जाणाऱ्या पाइपला हात लावला. पाइप बर्फासारखा होता, त्यावरून पाणी ओघळत होतं.

"गार तर आत चाललंय. आत कुठं नळी फुटली असंल तर गार खाली लागंल."

त्यानं पुढच्या दारांतून वाकून पायाखालचा गालिचा चाचपला. तापलेला होता. मग मागचं डावं दार उघडलं आणि आत हात घातला.

हात झटकन बाहेर आला.

"काय झालं?"

त्यानं नुसतं सीटकडं बोट केलं. ज्योत्स्ना उतरली आणि तिनं स्वतः मागच्या सीटवर तळवा टेकवला. उजवीकडचं रेक्झिन चटका बसेल इतकं तापलेलं. डावीकडं, एका माणसाला पुरेल एवढ्या जागेत, गारठा. त्या बाजूची काच आतून धुक्यानं पांढरी झाली होती.

"मागं हवेची जाळी हाय का?" तिनं विचारलं.

"या गाडीला मागं जाळीच न्हाई."

त्यानं दार हळूच लावलं, कुणी झोपलेलं असावं तसं. फडक्यानं हात पुसले, पुन्हा पुसले.

"मॅडम, एसी बिघडला न्हाई तुमचा. गार पोचायलंय. ज्येला पोचायचं त्येला."

"म्हणजे कुणाला?"

"न्या गाडी. माझ्याकडचं काम न्हाई हे."

"मग कुणाकडचं?"

तो धाब्याकडं चालायला लागला होता.

ती गाडीत बसली. भीती वाटायला हवी होती, पण आला तो संताप. दोन महिने तिला अडाणी ठरवलं होतं. नवऱ्यानं, गुलबर्ग्याच्या त्या माणसानं. आणि सगळा वेळ कुणीतरी मागं आरामात बसून तिची हवा खात होतं.

हायवेवर आल्यावर ती आरशात न बघता बोलली. आवाज चढू दिला नाही.

"गाडी माझी हाय. पेट्रोल मी भरते. उन्हातान्हात राबते मी. तू कोण हायेस ते मला विचारायचं न्हाई. पण सगळं तुलाच कामून? मलाबी लागतं. निम्मं निम्मं."

जाळीतली हवा बदलली.

आधी कोमट. मग गार. मनगटावरचा घाम सुकत गेला. तिनं मोठा श्वास घेतला. दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी तिचं म्हणणं ऐकलं होतं. तिला बरं वाटलं, अगदी जिंकल्यासारखं.

मग मागून कर्र कर्र आवाज आला.

काच खालीवर करायचा दांडा फिरत होता. हळूहळू, जोर कमी असलेल्या हातानं फिरवावा तसा.

तिनं आरशात पाहिलं. मागची डावी काच उतरत होती. अर्ध्यावर येऊन ती थांबली.

उकडायला लागल्यावर माणूस उघडतो, तेवढीच.