अभिमनचा अल्बानिया

मी तीस वर्षं भूगोल शिकवला. अल्बानिया कुठे आहे हे आमच्या देवपुरात बहुधा मला एकट्यालाच ठाऊक असावं. माझा मेहुणा अभिमन मात्र जळगावच्या एका टूरवाल्याचा व्हिडिओ बघून तिथे वर्षभर राहायला गेला. जामनेरच्या बाजारात आयुष्यभर कापूस तोललेला माणूस. बायको वारली, मुलगी पुण्याला, आणि साठीनंतर याला युरोप सुचला.

दर रविवारी पाचच्या सुमारास त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. "दाजी, आठे बठ्ठं स्वस्त शे," म्हणजे इथे सगळं स्वस्त आहे, हे पहिलं वाक्य. मग समुद्र, डोंगर, कॉफीचा कप, एकेक करून तो कॅमेऱ्यासमोर धरायचा. कोथिंबिरीची जुडी स्वस्त मिळाली तरी त्याचा चेहरा असाच फुलायचा. कुणी विचारत नाही अशा देशाला कुणी विचारत नाही असा माणूस मिळाला, असं मी बायकोला म्हणायचो. दिपमाला उठून आत जायची. भाऊ होता तिचा.

श्रावणातल्या एका रविवारी तो म्हणाला, परवा किनाऱ्यावर तुम्ही फार भरभर चाललात, मी मागेच राहिलो. परवा मी इथे दाताच्या डॉक्टरकडे होतो, हे मी त्याला ठणकावून सांगितलं. तो समजूतदारपणे हसला. मला त्या हसण्याची चीड आली. एकटं राहून डोकं फिरलंय याचं, मी दिपमालाला सांगितलं.

पुढच्या रविवारी त्याच्या मागच्या गॅलरीत कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. टक्कल. उजवा खांदा किंचित उतरलेला. फळ्यावर लिहून लिहून माझा उतरलाय, तसाच.

"कोण आहे तो?" मी विचारलं.

"तुम्हीच की, दाजी." त्याने आवाज खाली आणला. "आठे आल्यापासून तुम्ही कुणालाच नावं ठेवत नाही."

मी फोन बंद केला.

त्यानंतरच्या रविवारी मी फोन उचलला नाही. वाजू दिला.

दिपमालाने उचलला आणि ती खिडकीशी गेली. मी तीन पावलांवर खुर्चीत होतो. भावाला ती जन्मभर 'तू' म्हणत आली आहे.

"जेवलात का तुम्ही?" तिने विचारलं.

पलीकडून कुणीतरी हळू आवाजात बोललं. ती हसली. किती वर्षांनी, मला आठवेना.

मी तिला हाक मारली. तिने वळून पाहिलं नाही. फोन समोर धरून बोलत बोलतच ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने रोजच्या दोनऐवजी एकाच कप चहाचं आधण ठेवलं.