मागचं चाक

ही गोष्ट रात्रीची नाही. भर दुपारची आहे, आणि खरी आहे.

माझ्या सख्ख्या चुलत्याच्या घरी घडलेली. काका आता नाहीत. पण जितक्या वेळा त्यांनी ती सांगितली, त्यात एक शब्द कधी इकडचा तिकडे झाला नाही.

१९८१ सालचा मे महिना. निवृत्तीकाका नाशिकला सातपूरच्या कामगार वस्तीत राहायचे. कारखान्यात फिटर होते. सुट्टीच्या दिवशी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाड्यांची कामं करायचे. घर बौद्धांचं. भूतखेत, अंगारेधुपारे यांना तिथे थारा नव्हता. असल्या गप्पा निघाल्या की सुलाकाकू उठून आत जायची.

त्या रविवारी काकूचा धाकटा भाऊ सहादू एक जीप घेऊन आला. हिरवी, जुनी, कुठल्याशा लिलावात घेतलेली. कळवणहून वरच्या पाड्यांवर माणसं न्यायची, असा त्याचा बेत. त्या वाटेला नदी उतरून जावं लागायचं. चिखलात नुसत्या मागच्या चाकांवर भागत नाही.

"दाजी, पुढची चाकं ओढतात का, तेवढं बघा. बाकीचं मी बघून घेतो," तो म्हणाला, आणि ऑइल आणायला द्वारका चौकातल्या दुकानात गेला.

काकांनी उजव्या चाकांना दगड लावले. डावी दोन्ही चाकं जॅकवर उचलली. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली आणि पुढची चाकं जोडणारा छोटा दांडा ओढला. तपासायची रीत सोपी होती. दांडा लागलेला असेल, तर पुढचं चाक हातानं फिरवलं की मागचंही फिरतं. दांडा सोडला की फिरत नाही.

मागच्या चाकावर लक्ष ठेवायला काकूला बोलावलं. ती पदर खोचून मागे बसली.

काकांनी पुढचं चाक फिरवलं.

"फिरतंय," काकू म्हणाली.

काम झालं होतं. त्यांनी दांडा सोडला आणि खात्रीसाठी चाक पुन्हा फिरवलं.

"फिरतंय."

दांडा अडकला असेल, असं त्यांना वाटलं. दोनदा ओढून सोडला. तरी तेच. मग ते गाडीखाली शिरले आणि पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्टच खोलून बाहेर काढला. पोत्यावर ठेवला. आता पुढच्या आणि मागच्या चाकांचा एकमेकांशी काही संबंधच उरला नव्हता.

त्यांनी पुढचं चाक फिरवलं.



"सुला?"

"फिरतंय," ती हळूच म्हणाली.

काकांना ती थट्टा करतेय असं वाटलं. त्यांनी तिला पुढे बसवलं आणि स्वतः मागे गेले. फिरव म्हणाले.

मागचं चाक फिरलं... अर्धा फेरा. थांबलं. परत अर्धा फेरा.

दम खाऊन जोर लावावा तसं.

त्यांनी दोन्ही हातांनी टायर धरला. त्यांची पकड लोखंडाची. तरी चाक त्यांच्या हातांतून सरकत होतं. शाफ्ट नसताना काकूच्या हाताचा एवढा जोर इथे पोचत होता कसा?

"जरा थांब," ते म्हणाले.

"अहो," काकू म्हणाली, "मी कधीची हात सोडून बसलेय."

त्याच वेळी काकांच्या ध्यानात आलं... बाहेर कसलाच आवाज नव्हता. शेजारचा रेडिओ नाही, रस्त्यावरची वाहनं नाहीत, कावळासुद्धा नाही.

चाकाच्या खालून पाणी ठिबकत होतं. गढूळ, थंड पाणी. आणि गाडीखालून, अगदी त्यांच्या गुडघ्याजवळून...

"हंऽऽ..."

अडकलेल्या गाडीला खांदा लावताना माणूस करतो, तसा आवाज.

काका काकूचा हात धरून बाहेर उन्हात आले. सहादू येईपर्यंत दोघं तिथेच उभे राहिले.

सहादूनं सगळं ऐकलं. हसला नाही, पण विश्वासही ठेवला नाही. स्वतः चाक फिरवून पाहिलं. काहीच झालं नाही. जमीन कोरडी. शाफ्ट पुन्हा बसवला, सगळं व्यवस्थित चाललं. ही गाडी नेऊ नकोस म्हणून काकूनं त्याला परोपरीनं विनवलं. तो म्हणाला, "ताई, गाडी चांगली हाय. तुला ऊन लागलंय." दुसऱ्या दिवशी घेऊन गेला.

दोन-अडीच महिने सगळं नीट चाललं. नदीतनं गाडी कशी फुलासारखी निघते, हे तो कौतुकानं सांगायचा. एकदा मात्र काकांना बाजूला घेऊन म्हणाला, "दाजी, परवा दांडा लावायचं इसरलो. तरी निघाली."

श्रावणात निरोप आला.

काका तिथे पोचले तेव्हा जीप नदीच्या पलीकडच्या काठावर उभी होती. त्या फेरीला पाड्यावरचा देवराम नावाचा म्हातारा आत बसलेला होता. सारं त्यानंच सांगितलं. गाडी मध्येच रुतली होती. सहादूनं इंजिन बंद केलं. तरी गाडी हलत होती. मागे कोण लावतंय जोर, बघतो, असं म्हणून तो पाण्यात उतरला. पाणी जेमतेम गुडघाभर.

गाडी आपोआप काठावर चढली.

"आमी मांगं पाह्यलं," देवराम म्हणाला. "पान्यात दोन जन उभं व्हतं. आमच्याकडं बघत."

"दुसरा कोण?"

देवरामनं नदीकडे बोट केलं.

"मंग कोनीच नव्हतं."

पाणी ओसरेपर्यंत शोध घेतला. सहादूची चप्पलसुद्धा मिळाली नाही. त्या जीपपायी पूर्वी कोणाचा जीव गेला होता का, हे विचारत काका पुष्कळ हिंडले. धड कोणीच सांगितलं नाही. हिरव्या जीपा सगळ्या सारख्याच, एवढंच लोक म्हणायचे.

देह मिळाला नाही, म्हणून काकूनं त्याचं मरणानंतरचं पुण्यानुमोदन होऊ दिलं नाही. भंतेजी समजावून गेले, तरी नाही. आता तिचं वय झालंय. पावसाळ्यात अजून मागचं दार नुसतं लोटून ठेवते. कडी लावत नाही. सहादू येईल म्हणते.

मी तिच्याकडे मुक्कामाला असलो, की ती झोपल्यावर उठतो आणि कडी लावून टाकतो.