उन्हाची सवय

एप्रिलच्या भर दुपारी रेनकोट घालून पळणारा माणूस वेसाव्याच्या कोळीवाड्यात याआधी कुणी पाहिला नव्हता. बोंबील वाळत घालणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या, त्यांच्यातली नमिताही हसली. पण दुसऱ्या फेरीला तो झोकांड्या खाऊ लागला आणि मासळी वाळवायच्या खळ्याच्या कडेला कोसळला, तेव्हा तिचं हसू कुठल्या कुठे पळालं.

कुणी म्हणालं सावलीत न्या, कुणी कांदा आणायला धावलं. नमिताने कुणाचंच ऐकलं नाही. तिने त्याचा रेनकोट ओढून काढला, मासळीसाठी आणलेल्या बर्फाचा टब फरफटत आणला आणि सगळाच्या सगळा त्याच्या अंगावर उपडा केला.

तिचे बाबा, भिकाजी, याच खळ्यावर असेच पडले होते. तेव्हा त्यांना सावलीत नेलं, कांदा हुंगवला, वारा घातला. बर्फ हाताच्या अंतरावर होता. पण तो मासळीचा, माणसासाठी तो कुणाला सुचलाच नाही. बाबा गेले. त्या दिवसापासून तिच्या आईने, कमळने, बर्फाच्या टबाला हात लावला नव्हता. ते काम नमिताचं.

बर्फाखालच्या माणसाने डोळे किलकिले केले. "मासळीचा वास येतोय..."

"तुझाच येतोय. आठवडाभर येणार."

दवाखान्यातून सुटल्यावर तो आभार मानायला आला. नाव मुकुल, राहणारा जवळच्याच चार बंगला भागातला. मॅरेथॉन धावायचा. पावसाळ्यानंतर एका वाळवंटी देशात त्याची मोठी शर्यत होती.

"म्हणून रेनकोट?" नमिताने विचारलं.

"अंगाला ऊन शिकवत होतो. रोज थोडं थोडं तापू दिलं ना, की घाम लवकर फुटतो, जास्त येतो, त्यातलं मीठ कमी होतं. मग ऊन सोसतं. मी पहिल्याच दिवशी घाई केली."

"आणि एकट्याने केलीस." तिचा आवाज चढला. "माझे बाबा असेच गेलेत. मरायचंच असेल तर दुसरीकडे जाऊन पळ."

त्याने बर्फाच्या टबाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "तू थांबशील? टब घेऊन?"

तिला नाही म्हणायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं...

"टब भरल्याशिवाय एक पाऊल टाकायचं नाही. कबूल?"

"कबूल."

मग रोज दुपारी तो यायचा, रेनकोट न घालता, बेताने पळायचा. नमिता टबाशेजारी बसून बोंबील निवडायची आणि तो दिसेनासा झाला की तिचे हात थांबायचे. त्याच्या काळ्या टीशर्टवर सुरुवातीला मिठाचे पांढरे नकाशे उमटत. हळूहळू ते पुसट झाले.

"अळणी झालास रे," एकदा ती म्हणाली.

"बघून सांगतेस... की चाखून?"

"बघून. चाखायला अजून वेळ आहे."

बोलून गेली आणि कानापर्यंत लाल झाली. मागे बोंबील पालटणारी मालनमावशी उगाचच खोकली.

पाऊस जवळ आला तसं मुकुलला उंचावरच्या सराव-शिबिराचं बोलावणं आलं. हिमाचलात, विरळ हवेत. तिथे राहिलं की रक्त जास्त प्राणवायू वाहून न्यायला शिकतं, असं तो सांगत होता. नमिता दुसराच विचार करत होती.

"आणि इथलं ऊन?"

"ते अंग विसरतं," तो म्हणाला. "थंडीत गेलं की काही आठवड्यांत सगळं विसरतं."

"बरं," ती म्हणाली. 'आणि माणसं?' हा पुढचा प्रश्न तिने विचारलाच नाही — पण तो पावसाळाभर तिच्या उशाशी बसून होता. तिचा त्याच्यावर जीव जडला होता. परत येईल तेव्हा त्याला पुन्हा घाई असेल, कुठल्यातरी रस्त्यावर एकटाच पळेल आणि तिथे बर्फ घेऊन कुणी नसेल, या भीतीने तिला झोप लागत नसे. आधी त्याचे मेसेज यायचे. मग तेही विरळ झाले.

ऑक्टोबरचं ऊन तापलं, बांबूंवर पुन्हा बोंबील चढले. एका दुपारी मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात माल पोचवून नमिता परतली, तर खळ्याच्या कडेला मुकुल उभा. वाळलेला, रापलेला, बुटांच्या नाड्या बांधून तयार. नुसतं उभं राहूनही त्याच्या टीशर्टवर पुन्हा मिठाचे पांढरे नकाशे उमटले होते.

"कधी आलास?"

"सकाळीच. तू मरोळला गेलीस म्हणाल्या मावशी."

"मग पळायचंस ना. शर्यत तोंडावर आली, आणि अख्खी दुपार वाया घालवलीस?"

"टब भरला नव्हता."

नमिताने त्याच्या टीशर्टकडे बोट केलं. ती म्हणाली, "ऊन विसरलास ना?"

"अंग विसरलं. दुसऱ्यांदा लवकर शिकतं म्हणतात." तो अडखळला. "तिथे वर श्वास पुरायचा नाही गं... आणि मला या खळ्याचा वास आठवायचा. तू आठवायचीस. नमिता, शर्यतीनंतरही — म्हणजे कायमच — तू माझ्यासाठी इथे असावीस असं वाटतं मला."

ती रडायला लागली. रडत रडतच मान हलवून हो म्हणाली.

मागून काहीतरी फरफटत आल्याचा आवाज आला. दोघांनी वळून पाहिलं. आई टब ओढत आणत होती, काठोकाठ बर्फाने भरलेला. तिने तो खळ्याच्या कडेला ठेवला, लाल झालेले हात पदराला पुसले आणि मुकुलकडे पाहिलं.

"पळ आता," ती म्हणाली. "आम्ही दोघी आहोत इथे."