'फारेन'चं दुसरं रूप

"गाडी बाबा चालवत नव्हते, एवढं मला शोधून द्या," अनघा म्हणाली. खासगी गुप्तहेर यशोधरा गायकवाडांनी पुढे केलेला चहा तसाच राहिला.

लोहगडवाडीच्या वळणावर गाडीनं कणसं भाजणाऱ्या भागुबाईला चिरडलं आणि ती झाडावर आदळली. बाबाही जागीच गेले. वाचला अनघाचा धाकटा भाऊ निलेश. चालवत बाबा होते, असं त्यानं जबानीत सांगितलं. तेव्हापासून वाडी बाबांच्या नावानं बोटं मोडत होती. लोणावळ्यात जन्मभर जर्मन शिकवलेला माणूस मेल्यावर खुनी ठरला होता.

यशोधराबाई अनघाला आणि मदतनीस गौरवला घेऊन आधी वाडीवर गेल्या. टपरीवाल्या केरबानं हात झटकले. "म्या आवाज ऐकून पळालो. दोगंबी भाईर पडल्यालं. म्हाताऱ्यानं चालवली, ह्ये तुमचा भाऊच म्हनला, ताई."

परतताना यशोधराबाईंनी विचारलं, निलेश याबद्दल आणखी कुणाशी बोलला का. अनघाला एकच फोन आठवला, बाबांच्या जर्मन मित्राचा. निलेश रडत त्याला म्हणाला होता, "इश हाबे इन गेफारेन." लहानपणी बाबा जेवताना दोघांना ती भाषा शिकवायचे. अनघाच्या कानात शब्द राहिले, अर्थ नाही.

सांत्वनाच्या फोनात काय मिळणार, म्हणून गौरवनं जांभई दिली. यशोधराबाईंनी मात्र ते वाक्य पुन्हा म्हणून घेतलं.

मग तिघं निलेशच्या वलवणच्या घरी गेली; तिथं यशोधराबाईंनी अपघाताचा विषयच काढला नाही. गौरवला जर्मन शिकायचंय, म्हणाल्या. नोकरीसाठी जर्मनीला निघालेला निलेश खुलला. यशोधराबाईंनी विचारलेलं क्रियापद तो समजावू लागला. फारेन म्हणजे वाहनानं जाणं. मी जातो, तू जातोस, तो जातो: इश फारे, डू फेअर्स्ट, एअर फेअर्ट.

"आणि भूतकाळात?"

"स्वतः गेलो, तर 'इश बिन गेफारेन'. त्यात गाडी कुणी चालवली ते कळत नाही. पण गाडी चालवली, किंवा कुणाला गाडीतून नेलं, तर 'हाबे'. लोक इथंच चुकतात."

"तुम्ही नाही?"

"बाबांचा मुलगा आहे मी."

"मग त्या मित्राला म्हणालात ते बरोबरच असणार. 'इश हाबे इन गेफारेन.' मी त्यांना गाडीतून नेलं." यशोधराबाईंचा आवाज चढला नाही. "खोटं तुम्ही मराठीत घोकलं होतं. जर्मनमध्ये घोकायचं राहून गेलं."

हे कोर्टात टिकेल का, गौरव पुटपुटला. नाही, त्या म्हणाल्या; म्हणूनच ते यांच्या तोंडून यायला हवं.

 निलेश बहिणीलाच म्हणाला, "माझ्यावर गुन्हा दाखल झाला असता तर व्हिसा गेला असता. आणि बाबा तर गेलेच होते ना, ताई."

अनघानं पोलीस ठाण्याचा नंबर लावला.

"गेले नव्हते," ती म्हणाली. "तू नेलंस त्यांना."