नितळ पाण्यातलं विष

काचेच्या टाकीतलं पाणी इतकं नितळ होतं की पलीकडच्या भिंतीवरचं वेळापत्रक त्यातून वाचता येत होतं. टाकीच्या पडद्यावर तापमान बरोबर दिसत होतं, मिठाचं प्रमाणही बरोबर. तरीही अंगठ्याएवढे सहा निळे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत होते.

२०५८ सालच्या उन्हाळ्यात समुद्राचं पाणी तापून कोकणच्या किनाऱ्याजवळची प्रवाळं (चिमुकल्या जीवांनी समुद्रतळाशी बांधलेल्या वसाहती) पांढरी पडून मरू लागली, तेव्हा तिथले मासे काही वर्षं सांभाळायला गावोगावच्या शाळांना दिले गेले. वाशीमच्या एका शाळेतल्या नव्या टाकीत ते येऊन नऊच दिवस झाले होते. त्यांची देखभाल सातवीतल्या गार्गी वानखडेकडे होती.

विज्ञानाच्या राठोड सरांनी मोंडकर आजोबांना बोलावलं. आजोबांनी मालवणला चाळीस वर्षं समुद्रजीवांचा अभ्यास केला होता आणि आता ते मुलीकडे वाशीमला राहत होते. येताना त्यांनी ‘कुर्ली’ आणली. तो खेकड्यासारखा, पाण्यात चालणारा छोटा यंत्रमानव होता. कुर्ली तळाशी उतरली, दगडांमागे फिरली आणि तिच्या पाठीवरचा दिवा लाल झाला.

“अमोनिया फार आहे,” कुर्ली म्हणाली. “दगडांमागे न खाल्लेलं अन्न सडत आहे.”

अमोनिया (माशांच्या कल्ल्यांतून आणि सडणाऱ्या अन्नातून पाण्यात मिसळणारा विषारी पदार्थ) डोळ्यांना दिसत नाही. टाकीचा पडदाही तो मोजत नव्हता.

गार्गीचा चेहरा उतरला. सर फळ्याकडे वळल्यावर ती हळूच म्हणाली, “आजोबा, मी दिवसातून चार-पाचदा खाऊ टाकत होते. सरांनी एकदाच टाकायला सांगितलं होतं. पण मी दिसले की ते काचेशी यायचे. मला वाटलं, घर सुटलंय त्यांचं. निदान पोट तरी भरलेलं असू दे.”

आजोबा तिच्या शेजारच्या बाकावर बसले. “तुझ्या दुप्पट वयाचा असताना मी असेच अकरा समुद्रघोडे गमावले. मायेपोटीच. चल, आधी पाणी बदलू.”

दोघांनी मिळून सडलेलं अन्न काढलं आणि अर्धं पाणी बदललं. तेवढ्यात एक मासा तळाशी आडवा झाला, तो पुन्हा उठला नाही. गार्गी कितीतरी वेळ काचेवर हात ठेवून उभी राहिली. आजोबांनी तिला घाई केली नाही.

मग तिनं विचारलं, “समुद्रात तर एवढे मासे असतात. तिथलं पाणी का नाही विषारी होत?”

“तिथे दगडादगडावर जिवाणू (साध्या डोळ्यांना न दिसणारे सजीव) असतात. ते अमोनियाचं आधी नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग त्याचं नायट्रेट होतं, ते बरंच सौम्य असतं. पण नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढायला काही आठवडे लागतात.”

“तोवर हे पाच कसे जगतील?”

“पाणी बदलत राहू. आणि मदतीला समुद्रशैवाल मागवू. ते अमोनियाही खातं आणि नायट्रेटही. माशांना जे विष, ते त्याचं खत.”

दुपारी मालवणच्या रोपवाटिकेतून ड्रोन आला. पिशवीत हिरव्या, राठ केसांच्या गुंत्यासारखं काहीतरी होतं. गार्गीनं ते स्वच्छ खाऱ्या पाण्यात हलवून धुतलं, म्हणजे चिकटून आलेले नको ते जीव गळून पडतील. नळाचं गोडं पाणी त्याला सोसलं नसतं. टाकीखालच्या वेगळ्या कप्प्यात, जिथून सगळं पाणी फिरून जातं, तिथे तिनं ते सोडलं आणि वर दिवा लावला. शैवालाला अन्नाबरोबर प्रकाशही लागतो.

तिसऱ्या दिवशी कुर्लीचा दिवा पिवळा झाला. पंधराव्या दिवशी हिरवा. मासे पुन्हा दगडांमधून फिरू लागले. गार्गी आता एकदाच, चिमूटभर अन्न टाकायची. काचेशी आलेल्या माशांकडे बघत मागे सरणं तिला सुरुवातीला जड गेलं.

दोन महिन्यांत कप्पा हिरवाईनं भरला. आजोबा म्हणाले, “आता निम्मं काढ.”

“एवढं छान वाढलंय, कशाला काढायचं?”

“पाण्यातलं खत कुठे गेलं असेल?”

गार्गीनं थोडा विचार केला. “ह्याच्या अंगात. म्हणजे हे इथेच सडलं, तर सगळं परत पाण्यात. आणि मूठभर बाहेर काढलं, तर तेवढं खत टाकीतून गेलं.”

आजोबा हसले आणि त्यांनी कात्री तिच्या हातात दिली.

कापलेलं शैवाल वाया गेलं नाही. रिसोडच्या शाळेत नवी टाकी बसत होती. राठोड सरांबरोबर गार्गी बरणी घेऊन तिथे गेली. टाकी सांभाळणारी चौथीतली मुलगी, वेदश्री, दारातच उभी होती. तिनं बरणीत डोकावून पाहिलं आणि तिचा हिरमोड झाला.

“मासे नाही आणले, ताई?”

“अजून दीड-दोन महिने,” गार्गी म्हणाली आणि बाह्या वर सारून तिच्या शेजारी बसली. “आधी ह्याला रुजू दे, जिवाणूंना वाढू दे. मासे येतील, तेव्हा त्यांचं घर तयार असायला हवं.”