पायडलवरचा पाय

खामगावात जिनिंगच्या गल्लीत खुर्शीदमिस्त्रीचं मोटार दुरुस्तीचं दुकान होतं. पुढे पत्र्याची शेड, मागे दोन खोल्यांचं घर. गावात तेव्हा मोटारी होत्या इनमिन बारा-तेरा, आणि बहुतेकींचे ब्रेक मिस्त्रीच्याच हातचे. कापसाचे दिवस असले की दुकानातल्या हत्यारांवर रुईचा पांढरा थर बसायचा. मिस्त्री काम सुरू करण्याआधी प्रत्येक पाना फुंकून घ्यायचा.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी हिंमतरावांनी आपली हिरवी मोटार शेडमध्ये आणून उभी केली. तेलाच्या घाण्याचा तरुण मालक, सव्वीस वर्षांचा, मोटारीचा भारी शौकीन. रविवारी राजूर घाटात मोटारींची शर्यत होती. मोताळ्याच्या बाजूने बुलढाण्यापर्यंत चढायचं आणि घड्याळ लावून तसंच खाली उतरायचं. अकोल्याहून, नागपूरहून गाड्या येणार होत्या.

"चढाची मले फिकीर नाई, मिस्त्री," हिंमतराव म्हणाले. "उताराचं तुमी पाहा."

त्यांच्या पत्नी पुष्पाबाई मोटारीतच बसून होत्या. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नवरा पाणी प्यायला रांजणाकडे गेला तशा त्या हळूच म्हणाल्या, "मिस्त्री, हे हरले तरी चालन. मोटार थांबली पाह्यजे."

"थांबन, बाईसाहेब."

दोन दिवस मिस्त्रीने मान वर केली नाही. चारी चाकं उतरवली. ब्रेकचे ड्रम रॉकेलने धुऊन आरशासारखे केले. जुने ब्रेकचे पट्टे रिव्हेटींच्या डोक्यापर्यंत झिजले होते. ते काढून नवे बसवले, तांब्याच्या रिव्हेटी एकेक ठोकल्या, कडा कानशीने घासल्या. पायडलपासून चाकांपर्यंत जाणाऱ्या लोखंडी सळया पुसून बोटांनी चाचपल्या. कुठे काही खोट दिसली नाही.

शनिवारी उरलं होतं ते शेवटचं काम. मोटार ठोकळ्यांवर चढवून चारी चाकं अधांतरी ठेवायची. एकाने पायडल दाबायचं, दुसऱ्याने चाक हाताने फिरवून पाहायचं. चारी चाकं सारखी धरली पाहिजेत, नाहीतर उतारावर मोटार एका अंगाला ओढते. हे काम एकट्याचं नव्हे.

वीस वर्षं पायडल दाबायला मिस्त्रीची बायको नजमुन्निसा बसत आली होती. दुपारी शेडची दारं लोटली की ती मागच्या घरातून यायची, ओढणी सावरून चालकाच्या जागी बसायची. बुटकी होती, पाय पुरायचा नाही. म्हणून आधी थोडं दाबायची, मग गादीवरून पुढे सरकून पुरतं. मिस्त्री खालून म्हणायचा, "दाब. थांब. सोड." ऐन आखाडात ती तापाने गेली. तेव्हापासून मिस्त्री गादी आणि पायडल यांच्यामध्ये एक काठी अडकवून भागवत होता.

शनिवारी दुपारी त्याने दारं लोटली आणि मोटारीखाली शिरला. मागचं डावं चाक फिरवता फिरवता सवयीने तोंडातून निघून गेलं, "दाब."

चाक जड झालं.

त्याने पाना फिरवला, जोड घट्ट केला. काम मनासारखं जमलं. दुसऱ्या चाकाकडे सरकताना त्याची नजर भिंतीकडे गेली. काठी तिथेच टेकून उभी होती. आज ती लावायचीच राहिली होती.

मिस्त्री बाहेर आला. मोटारीत कोणी नव्हतं. मागे अंगणात त्याची मुलगी सायरा तूरडाळ पाखडत बसली होती.

"तू आलती का आत?"

"नाई, अब्बा. काऊन?"

"काई नाई."

तो परत मोटारीखाली गेला. जिनिंगचा घरघराट जमिनीतून पाठीला लागत होता. मग त्याने हळूच म्हटलं, "दाब."

सळई थोडी ओढली गेली. क्षणभर थांबली. वर गादी करकरली, आणि सळई पुरती ताणली.

मिस्त्रीचे डोळे भरून आले. भीती वाटायला हवी होती, पण वाटली नाही.

"सोड," तो म्हणाला. सळई सैल झाली.

मग तो बोलतच राहिला. सायराला मलकापूरचं स्थळ आलंय. पोरगा शिकलेला हाये. तुही बकरी व्याली, दोन पाठी झाल्या. मधूनच "दाब", मधूनच "सोड". तीन चाकं झाली. वरून शब्द आला नाही, पण इतकं बरोबर काम आखाडापासून झालं नव्हतं.

पुढचं उजवं चाक राहिलं होतं. तेही जुळलं.

"सोड," मिस्त्री म्हणाला.

सळई सैल झाली नाही.

"सोड नं, नजमा. झालं."

सळई ताणलेलीच. तारेसारखी बारीक थरथरत होती.

मिस्त्रीने कंदील जवळ ओढला आणि सळईवर बोट फिरवत पार टोकापर्यंत गेला. जिथे ती चाकाच्या जोडाला मिळते तिथे, ताणामुळे, केसाएवढी चीर उघडली होती. सैल असताना ती मिटून जायची. दोन दिवस त्याने तीच सळई चाचपली होती.

त्याने चिरेवर खडूची खूण केली.

तेव्हा सळई सैल झाली.

संध्याकाळच्या आत त्याने लोहाराकडून नवी सळई घडवून आणली.

सोमवारी भर दुपारी हिंमतराव मोटार घेऊन हजर झाले. दुसरा नंबर आला होता. हसतच खाली उतरले.

"तिसऱ्या वळणावर एक म्हातारी शेळ्या घेऊन मधातच उभी, मिस्त्री. तिच्यापासून दोन हातांवर थांबलो. पण एक सांगू? माहा पाय पोचायच्या आधीच पायडल खाली गेलं. आधी थोडंसं. मंग पुरं."

"गाडीत अजून कोणी होतं?"

"कोण राह्यते? एकलाच होतो."

ते समोरच्या हॉटेलात चहा सांगायला गेले. मिस्त्री मोटारीचं दार उघडून डाव्या बाजूला बसला. शेजारची चालकाची जागा रिकामी होती. गादी मात्र मधोमध दबलेली होती.

"घाट पाह्यला?" त्याने विचारलं. "थकली अशीन. घरी चाल."

गादी हळूच करकरली आणि वर आली.

मागच्या घरातून सायराचा आवाज आला, "आले का, अब्बा? बसा, पानी आनते."

मिस्त्री अजून मोटारीतच होता.