आधी माझी पापणी

"माझ्या लेकीच्या डोळ्याला सुरी? ताई, तुमचीच ही देणगी, आणि आता वर कापायलाही सांगताय?"

भावजयीनं चिमुरडीला आत्याच्या मांडीवरून ओढून घेतलं आणि खोलीचं दार धाडकन लावलं!

आत्या तशीच बसून राहिली... हातात सदऱ्याचं अर्धवट काज. शिंप्याच्या दुकानासाठी काजं करून बोटांना घट्टे पडले होते. चिमुरडी हनुवटी वर करूनच सगळ्यांकडे बघायची, घरातले कौतुकानं म्हणायचे, "आल्या राणीसरकार!" त्या ऐटीमागची, ओघळलेल्या पापणीखालून बघायची केविलवाणी धडपड एकट्या आत्याला ठाऊक होती. तिचीही उजवी पापणी जन्मापासून अशीच ओघळलेली. शाळेत 'पेंगूळबाई' नाव पडलं ते पडलंच.

डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "पापणी उचलणाऱ्या स्नायूत जोर असता तर तोच आखडून घेतला असता. हिच्यात तो नाही. मांडीतल्या चिवट पडद्याची पट्टी काढून पापणी आतून भुवईला टांगावी लागेल. उशीर केलात, तर डोळा बघायला शिकणारच नाही."

उशीर म्हणजे काय, ते आत्याच्या उजव्या डोळ्याला विचारावं! त्याला सुईचं नेढं कधी दिसलंच नव्हतं.

ती एकटीच दवाखान्यात गेली. "आधी माझी टांगा."

"पण ताई, त्या डोळ्याला आता नजर येणार नाही."

"नजरेसाठी नाही हो... तिच्या आईनं बघावं म्हणून."

आणि मग तो पांढरा दिवा! फक्त जागा बधिर केलेली. पट्टीसाठी मांडीला चीर, मग पापणीत ओढला जाणारा दोरा... हजारो टाके घालणारी ती एका टाक्यानं गारठली. पळून जावं, ओरडावं... "डोळा उघडा," आवाज आला. तिनं मिटल्या डोळ्यांपुढे ती इवली हनुवटी आणली, आणि डोळा उघडला.

डोळ्यावरचं बँडेज निघाल्यावर भावजय आली. आत्या झोपलेली, पण उजवा डोळा फटीएवढा उघडा!

"ताई! अहो ताई!" तिनं घाबरून हलवलं.

"अगं, झोपले होते! टांगलेली पापणी झोपेत पुरती मिटत नाही, मलम घालावं लागतं. जन्मभर जागेपणी पेंगूळबाई... आता झोपले तरी जागी!"

भावजय हसता हसता रडायला लागली. "का केलंत हे? भीती नाही वाटली?"

"वाटली गं... फार वाटली. म्हणूनच म्हटलं, तू एकटीनं नको घाबरायला."

भावजयीनं डोळे पुसले, हात धुतले आणि मलमाची नळी उचलली.

"आजपासून मी घालते, ताई... लेकीच्या वेळेपर्यंत हात बसायला हवा."